हिप्पी ट्रेल: अध्यात्माचा शोध की स्वस्ताईची सहल?

तिरपागडा (धागाकर्ता)
हिप्पी शांतीच्या शोधात भारतात आले, हे वाक्य दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकात भेटतंच. मला ते पटत नाही. युरोपातून तुर्कस्तान-इराण-अफगाणिस्तानमार्गे (हाच तो हिप्पी ट्रेल) लोंढा आला तो रस्ता मोकळा होता म्हणून आणि खिशाला परवडत होतं म्हणून. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि ४.७६ला मिळणारा डॉलर एका रात्रीत ७.५०चा झाला. काठमांडूत १९७३पर्यंत चरस-गांजाची परवाना असलेली दुकानं होती. सरकारने परवाने रद्द केले आणि फ्रीक स्ट्रीट या तिथल्या हिप्पींच्या गल्लीतली गर्दी ओसरायला लागली. शांती शोधणारे परवाना रद्द झाला म्हणून का निघून जातील? अध्यात्म हे परत गेल्यावर घरच्यांना सांगायला बरं पडतं म्हणून चिकटवलेलं लेबल आहे, असं माझं मत. उलट मत असेल तर पुरावे घेऊन या.

बोरूबहाद्दर
शेंगदाणे घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

उंटावरचा
रस्ता मोकळा होता हे खरं, पण तो कोणी बांधला तेही लिहा. अफगाणिस्तानात हेरात ते कंदाहार हा सिमेंटचा रस्ता सोव्हिएत रशियाने बांधून दिला आणि कंदाहार ते काबूल अमेरिकेने. शीतयुद्धातल्या दोन पैलवानांच्या चढाओढीत हिप्पींना फुकटात हायवे मिळाला. त्याआधी लोक जात नव्हते असंही नाही. लंडन-कलकत्ता बस १९५७ साली सुटली होती: १५ एप्रिलला निघाली, ५ जूनला पोचली, २० प्रवासी, एकेरी भाडं ८५ पौंड. तेव्हा हिप्पी हा शब्द रूढही नव्हता.

बरं, सगळे गाडी घेऊन येत होते हाही गैरसमज. कमी पैशाचा मार्ग तुकड्यातुकड्यांचा होता. इस्तंबूलला सुलतान अहमद भागात पुडिंग शॉप म्हणून ओळखलं जाणारं खाद्यगृह होतं, तिथल्या फळ्यावर चिठ्ठ्या लागायच्या: अमुक तारखेला व्हॅन निघते, पेट्रोलचा वाटा द्या, दोन जागा आहेत. जागा नाही मिळाली तर फेरीने बॉस्फरस ओलांडून हैदरपाशा स्टेशन गाठायचं (बॉस्फरसवरचा पूल ऑक्टोबर १९७३चा) आणि रेल्वे पकडायची. १९७१पासून तुर्कस्तान-इराण रेल्वे जोडली गेली. मधल्या वान सरोवरावर रूळ नाहीत, तिथे डबे बोटीवर चढवतात. तेहरानहून मशहदपर्यंत रेल्वे, पुढे अफगाणिस्तानात रेल्वेच नाही म्हणून बस. खैबर उतरल्यावर पेशावरहून परत रेल्वे. हे तुकडे जोडणाऱ्याला घाई चालत नाही. तुर्कस्तानात एरझुरूमच्या पलीकडे ताहिर घाटात हिमवर्षाव झाला की ट्रकांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे.

झडपवाला
गाडीचा विषय निघालाच आहे तर फोक्सवॅगन व्हॅनबद्दल. लोक रंगीत फुलं काढलेली व्हॅन दाखवतात, तिचं इंजिन कोणी दाखवत नाही.

हे इंजिन हवेने थंड होतं. रेडिएटर नाही, म्हणून एरझुरूमच्या थंडीत पाणी गोठायची भीती नाही आणि कंदाहारला उकळायचीही नाही. पण सगळी भिस्त फॅनवर. फॅन आणि डायनामो एकाच पट्ट्यावर. पट्टा तुटला की डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागतो. बॅटरीच चार्ज होत नाहीये, पुढच्या गावात बघू, असं म्हणून जो पाच किलोमीटर दामटतो त्याचं इंजिन गेलं. दिवा लागला की तिथल्या तिथे गाडी बंद. जादा पट्टा सोबत हवाच, एक नाही, दोन.

तेल फक्त अडीच लिटर आणि कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. त्यामुळे ५,००० किमीला बदलायचं तेल धुळीत ३,०००लाच बदलावं. एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा, त्यात धुळीचा गाळ साचतो. वाटी पुसून नवं तेल घातलं नाही तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधली, फट थंड इंजिनवर ०.१५ मिमी. गरम इंजिनवर मोजली तर माप चुकतं, आणि दिवसभर चालवून संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर टॅपेट करायला बसणारे नेमकी तीच चूक करायचे. टॅपेट करायचं ते सकाळी, चहाच्या आधी.

अफगाणिस्तानातलं पेट्रोल हलक्या ऑक्टेनचं. चढावर इंजिन खडखडायला लागलं की ठिणगीचं टायमिंग किंचित मागे घ्यायचं. ताकद थोडी कमी होते, पण पिस्टनला भोक पडत नाही.

फणसपोळी
झडपवाला, प्रतिसाद झकास. एक शंका: या जुन्या व्हॅनमध्ये नेहमी तीन नंबरचाच सिलिंडर जातो म्हणतात. तो मागच्या जन्मीचं काही फेडत असतो का?

झडपवाला
@फणसपोळी, कर्म ऑइल कूलरचं, भोगतो तीन नंबर. कूलर फॅनच्या पत्र्याच्या आत, बरोबर त्या सिलिंडरच्या वर बसवलेला होता. त्याच्या वाट्याला गरम झालेली आणि कमी हवा यायची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून ताणला जातो, फट बुजते, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, मग जळतो किंवा त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला हलवला. जुन्या इंजिनात तीन नंबरचा एक्झॉस्ट जरा सैल ठेवायचे, बाकी उपाय नाही.

बोरूबहाद्दर
म्हणजे आधी टॅपेट, मग मोक्ष.

टपालहशील
इंजिनापेक्षा कागदांनी जास्त लोक अडकवले. गाडीला कार्ने लागायचं, म्हणजे मोटार क्लबने दिलेली हमीची वही. प्रत्येक पानाचे तीन भाग: आत शिरताना एक फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, स्थळप्रत वहीत राहते आणि तिच्यावर दोन्ही शिक्के हवेत. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी अजून त्या देशातच असते आणि जकात क्लबकडून वसूल होते. क्लब तुमची बँक हमी वटवतो. म्हणून भारतात किंवा नेपाळात पोचल्यावर व्हॅन विकून विमानाचं तिकीट काढू, हा बेत बहुतेकदा फसायचा. जकात भरल्याशिवाय विकता येत नाही आणि सोडूनही जाता येत नाही.

दुसरा कागद पिवळा: लसीकरणाचा. देवीची लस तीन वर्षं चालायची, कॉलऱ्याची सहाच महिने. लंडनला टोचून निघालेला माणूस रमतगमत आला तर सीमेपर्यंत येता येता कॉलऱ्याची मुदत संपलेली. मग चौकीवरच टोचून घ्यायचं, सुईची चौकशी न करता.

आणि धागाकर्त्यांच्या यादीत एक मोठं कारण राहिलं. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन नागरिकांना भारताचा व्हिसाच लागत नव्हता. तो १९८४ला सुरू झाला. वर्षानुवर्षं राहिलेल्यांमध्ये राष्ट्रकुलातली माणसं इतकी का, याचं उत्तर आश्रमात नाही, या नियमात आहे.

अवांतर: पोस्ट रेस्टांतची, म्हणजे प्रवासी येऊन नेईपर्यंत टपाल कचेरीत ठेवलेली पत्रं. जीपीओतला कारकून जॉन स्मिथचं पत्र कधी ज च्या कप्प्यात टाकायचा, कधी स च्या. आडनाव मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारा असं पत्र पाठवणाऱ्याला सांगायचे, तरीही खिडकीशी दोन्ही गठ्ठे मागून बघायची पद्धत होती. घरून पैसे आले नाहीत म्हणून रडणाऱ्या कितीतरी जणांचे पैसे पलीकडच्या कप्प्यात पडून असतील.

तिरपागडा
टपालहशील, हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, धन्यवाद. आतापर्यंतचा स्कोअर: रस्ता, रुपया, व्हिसा, टॅपेट. अध्यात्म शून्य.

खलाशी_दाभोळ
गोव्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून. मुंबईहून बहुतेक जण आगबोटीनेच जायचे. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटली की दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. नंतरच्या काळातल्या बोटी म्हणजे कोकण सेवक आणि कोकण शक्ती. डेकचं तिकीट घेतलं की जागा ज्याने सतरंजी आधी टाकली त्याची. चाकरमानी हे जाणून असत. गोरे शेवटी चढायचे आणि मग त्यांना नळकांड्याजवळची जागा मिळायची, जिथे काजळी पडते. मधल्या कित्येक बंदरांना धक्का नव्हता. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, कोंबड्या वरखाली व्हायच्या. पावसाळ्यात सेवा बंद.

पणजीत उतरल्यावर मांडवीवर पूल १९७०ला झाला. त्याआधी बेतीला फेरीने जायचं आणि तिथून म्हापसा किंवा कळंगुटची बस. १९७५च्या सुमाराला हणजुण्याचा बुधवारचा बाजार सुरू झाला, तोही हिप्पींनी आपलं सामान आपसात विकायला मांडलेला. परतीच्या तिकिटासाठी कॅमेरा, स्लीपिंग बॅग, जीन्स विकायची जागा. तेव्हा तिरपागडारावांच्या स्वस्ताईच्या मुद्द्याला माझं अर्धं अनुमोदन. गोव्यात गुरू कोणीच शोधत नव्हतं.

कासाराघाट
तिरपागडा, स्कोअर लिहायची घाई करू नका. गोवा आणि काठमांडू एवढंच बघितलं तर तुमचं बरोबर दिसणारच. बोधगया बघा.

विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ला ब्रह्मदेशातून भारतात आले. त्या वर्षी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं ते इथल्याच लोकांसाठी. परदेशी लोकांसाठी इंग्रजीतून १९७०ला डलहौसीला सुरू झालं आणि मग बोधगयेच्या बर्मी विहारात. त्या शिबिरांमधूनच पुढे अमेरिकेत विपश्यना शिकवणारी पहिली पिढी तयार झाली. दहा दिवसांच्या शिबिराची कलमं वाचा आणि सांगा यात स्वस्ताईची सहल कुठे बसते. पहाटे ४ला घंटा, साडेचारला बैठक. सकाळचं जेवण ११ला, त्यानंतर नव्यांना संध्याकाळी ५ला चहा आणि फळ, जुन्या साधकांना लिंबूपाणी. नऊ दिवस बोलणं बंद. दारू, चरस, सिगारेट काही नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुडीखालचा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते आणि तिथून पुढे दिवसातून तीन वेळा तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं.

पाश्चात्त्य माणसाची गोची गुडघ्यात होते. खुर्चीत वाढलेला खुबा उघडत नाही, मग गुडघे हवेत राहतात आणि सगळा भार कमरेवर. उशी उंच घेऊन बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा वर येते आणि गुडघे जमिनीला टेकतात. हे कळायच्या आत दुसऱ्या दिवशी पळ काढणारे असतात. दुसरी लाट सहाव्या दिवशी. चरससाठी आलेला माणूस यात दहा दिवस कशाला घालवील? इगतपुरीचं धम्मगिरी १९७६पासून चालू आहे आणि नियम तेच आहेत. शिबिराला फी नाही. दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतात.

उंटावरचा
यात हवामानाचाही भाग आहे, तो विसरू नका. हिवाळ्यात बोधगया किंवा गोवा, एप्रिल लागला की डलहौसी, धरमशाला, मनाली, काठमांडू. साधक असो वा चरसी, दोघं एकाच थर्ड क्लासच्या डब्यातून वर सरकायचे.

बोरूबहाद्दर
आणि पोट? बीटल्स फेब्रुवारी १९६८ला ऋषिकेशला आले तेव्हा रिंगो स्टार डबाबंद बीन्स घेऊन आला होता आणि दहा-बारा दिवसांत परत गेला. नऊ दिवस मौन ठेवणाऱ्यांनी आमांशाचं काय केलं ते सांगा.

फणसपोळी
पाणी. टिंक्चर आयोडिन २ टक्क्यांचं, स्वच्छ पाण्यात लिटरला ५ थेंब, गढूळ किंवा गार पाण्यात १०, आणि अर्धा तास थांबायचं. चव घालवायला लोक लिंबू पिळतात किंवा क जीवनसत्त्वाची गोळी टाकतात. ते अर्ध्या तासानंतरच. आधी टाकलं तर आयोडिन निकामी होतं आणि जंतू तसेच राहतात. थायरॉइडवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे करू नये, उकळून प्यावं. आमांश त्या मानाने परवडला. खरा खोडा काविळीचा. महिनोन् महिने अशक्तपणा, औषध काही नाही, नुसती विश्रांती. कितीतरी जणांचा शोध डोळे पिवळे झाल्यावर संपलेला आहे.

मधलीआळी
कासाराघाट यांना जोड. मुंबईत खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराज. मूळचे मालवणकडच्या कांदळगावचे मारुती कांबळी, धंदा विड्यांच्या दुकानांचा. घराच्या माळ्यावर सकाळ-संध्याकाळ बैठक व्हायची. मॉरिस फ्रीडमन यांनी केलेला संवादांचा इंग्रजी अनुवाद १९७३ला छापला गेला आणि परदेशी लोकांची रीघ लागली. हे फ्रीडमन म्हणजे औंध संस्थानात लोकांच्या हाती सत्ता देण्याच्या प्रयोगात असलेले पोलिश इंजिनिअर. महाराज बोलायचे मराठीत. दुभाषा बसलेला असायचा. प्रश्न इंग्रजीतून यायचा, मराठीत महाराजांपर्यंत जायचा, उत्तर मराठीत आणि परत इंग्रजीत. तेवढ्या वेळात विचारणाऱ्याला आपल्याच प्रश्नाचा फोलपणा कळायचा, हा त्या माळ्याचा एक फायदा. राहायची सोय नाही, आश्रम नाही, प्रसाद म्हणून चरस तर नाहीच. विडी मात्र महाराजांच्या हातात असायची.

नगरी_फराळ
नगरजवळ मेहेराबाद आहे, ते कोणीच घेतलं नाही. मेहेरबाबांनी १९६० च्या दशकातच एलएसडीविरुद्ध साफ भूमिका घेतली होती आणि गोळीतून देव भेटतो का, अशा अर्थाचं पत्रक १९६६ला निघालं. पश्चिमेतल्या तरुण भक्तांना सांगून टाकलं होतं की हे सोडा आणि दुसऱ्यांनाही सोडायला सांगा. ३१ जानेवारी १९६९ला त्यांनी देह ठेवला. अमरतिथीला अजून दुपारी १२ ते १२:१५ हजारो लोक मौन पाळतात. गुरूने आधी व्यसन सोडायला लावलं आणि तरी लोक आले, हा तिरपागडांच्या सिद्धान्ताला सरळ छेद आहे.

बंडगार्डन
पण सगळे गुरू गुडघे टेकवून बसवणारे नव्हते. रजनीशांनी अचूक हेरलं होतं की हा माणूस गप्प बसू शकत नाही. १९७०मध्येच सक्रिय ध्यान आलं होतं: पहिली १० मिनिटं वेडावाकडा जोरात श्वास, मग १० मिनिटं रडा-ओरडा-हसा, १० मिनिटं हात वर करून हू-हू करत उड्या, १५ मिनिटं आहात तसे गोठून उभे, शेवटी १५ मिनिटं नाच. बरोबर एक तास, उपाशीपोटी. उड्यांमध्ये पूर्ण टाच टेकवायची असते, पंजावर नाचणाऱ्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी उठत नाहीत. १९७४ला ते मुंबईहून कोरेगाव पार्कात आले. पुणेकरांना काय वाटलं हा स्वतंत्र धागा होईल.

बोरूबहाद्दर
पुणेकरांना काय वाटलं ते दुपारी १ ते ४ सोडून कधीही विचारा.

तिरपागडा
ठीक. मुद्दा थोडा घट्ट करून मांडतो. शोधणारे होते हे मानलं. पण एप्रिल १९७८ला काबूलमध्ये सत्तापालट झाला, १९७९ला इराणात क्रांती, डिसेंबरमध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात. रस्ता बंद. शोध खरा होता तर रस्त्यावाचून तो थांबायला नको होता.

कासाराघाट
थांबला कुठे? काठमांडूचा कोपन मठ १९७१ला परदेशी लोकांसाठी शिबिर घेऊ लागला, तो नोव्हेंबरचा महिनाभराचा कोर्स अजून होतो. धरमशालेचे वर्ग, इगतपुरी, खेतवाडी १९८१ला महाराज जाईपर्यंत, सगळं चालू राहिलं. लोक विमानाने आले, एवढाच फरक. फ्रीक स्ट्रीट मात्र काठमांडूतल्याच थमेल या नव्या पर्यटक वस्तीसमोर टिकली नाही.

टपालहशील
फरक एवढाच नाही. विमानाने येणारा दहा दिवसांची रजा टाकून आणि परतीचं तिकीट हातात घेऊन येतो. रस्त्याने आलेल्याला परतीची तारीखच नसायची. बोधगयेत एक शिबिर आवडलं की लगेच दुसरं, मग तिसरं. पुढे शिकवायला लागलेली माणसं त्या बिनतारखेच्या वेळातून तयार झाली. तो वेळ सैल व्हिसा-नियम आणि साडेसातच्या डॉलरमुळेच मिळाला, म्हणून मी दोघांच्या मधे.

तिरपागडा
टपालहशील, हे मला पटतंय. शीर्षकातला 'की' काढून 'आणि' करावा लागेल, संपादक मंडळाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. एक व्यावहारिक प्रश्न राहिला: आज भारतीय पासपोर्टवर उलट्या दिशेने, मुंबई ते इस्तंबूल रस्त्याने जाता येईल का?

उंटावरचा
पाकिस्तानातून नाही. एप्रिल २०२५मध्ये अटारीची चौकी बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्याआधीही भारतीयाला पर्यटक म्हणून पाकिस्तानचा व्हिसा मिळणं जवळपास अशक्यच. लोक गाडी जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला किंवा दुबईला पाठवतात. कंटेनरात चढवताना पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी ठेवावी लागते आणि बॅटरीची तार काढावी लागते. इराणची परिस्थिती निघायच्या आठवड्यात बघा, आधी बघून उपयोग नाही. कार्नेसाठी मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे विचारा. इराणमधून तुर्कस्तानात बाझारगान-गुरबुलाक ही जुनी चौकीच वापरतात, समोर अरारात.

झडपवाला
आणि गाडी कुठलीही असो, फॅन बेल्ट दोन.